बाहेर जिवंत, घरात मेलेलं: लॅन्डस्केपवाल्यांनो, तुमच्या खोलीत नक्की काय चालतं?

कृष्णाकाठची

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र होते, धागा पहिल्यांदाच काढतेय. सांभाळून घ्या.

शाळेत असताना इंटरमिजिएटला ए ग्रेड मिळाली होती. तेवढ्या भांडवलावर मी स्वतःला चित्रकार समजायचे. मग नोकरी लागली, लग्न झालं आणि ब्रश बावीस वर्षं माळ्यावर गेले. चार वर्षांपूर्वी परत काढले. जलरंग, आणि विषय फक्त लॅन्डस्केप. सांगलीत राहते, त्यामुळे विषयाला तोटा नाही. आयर्विन पूल आहे, घाट आहे, आणि रविवारी सकाळी हरिपूर ठरलेलं. वारणा कृष्णेला मिळते तिथं पायऱ्यांवर बसायचं, मांडीवर बोर्ड, शेजारी पाण्याचा डबा. पाऊण-एक तासात क्वार्टर शीट होतं. दहातली चार बरी होतात, एखादं स्वतःलाच आवडतं.

रडगाणं पुढं आहे. तेच चित्र घरी येऊन हाफ किंवा फुल शीटवर करायला घेतलं की त्याचा जीव जातो. पाणी सिमेंटच्या कोब्यासारखं दिसतं, झाडं लग्नाच्या हॉलमधली.

जानेवारीतलंच एक सांगते. सकाळचे साडेसात, चांगलीच थंडी. पलीकडचा काठ धुक्यात आणि त्याच्या पुढं एक नाव. काठ मी अल्ट्रामरीन (निळा) आणि बर्न्ट सिएना (तांबूस तपकिरी) यांच्या एकाच ओल्या फटकाऱ्यात लावला आणि तो वाळायच्या आत त्यावर नाव टाकली. नावेची खालची कड आपोआप पाण्यात विरघळली. ती मी विरघळवली नव्हती, ती झाली. घरी मात्र तीच कड विरघळवायला मी फुल शीटचे तीन कागद फाडले. कागदाची किंमत तुम्हाला माहीत आहे.

स्टुडिओ म्हणजे मागच्या खोलीतलं शिलाई मशीनचं जुनं टेबल, वर ट्यूबलाइट, त्याच्या वर पंखा. समोर मोबाइलमध्ये स्पॉटचा फोटो आणि शेजारी मूळ स्केच. आमचे हे म्हणतात, "छोटं छान झालंय की, मोठं कशाला करत बसतेस?" उत्तर देता येत नाही, म्हणून इथं विचारतेय. तुम्ही बाहेरचं घरात कसं आणता? की आणतच नाही?

दुपारचा_चहा

वाचनखूण साठवली. माझंही अगदी हेच आहे ताई, फक्त माझं बाहेरही मेलेलंच असतं. (हलके घ्या.)

ओली_रेघ

ताई, सगळं खापर हातावर फोडू नका. अर्धा दोष हिशेबाचा आहे.

क्वार्टर शीट म्हणजे ११ बाय १५ इंच. फुल शीट २२ बाय ३०. क्षेत्रफळ चौपट झालं. ब्रश चौपट झाला का? बाहेर तुम्ही ८ नंबरचा गोल ब्रश वापरत असाल आणि घरीही तोच घेत असाल, तर जिथं एक फटकारा पुरत होता तिथं आता पंधरा लागतात. पंधरा फटकारे म्हणजे पंधरा कडा. पाणी सिमेंटचं दिसतं ते त्यामुळेच. दोन-अडीच इंची हाके (चपटा, मऊ ब्रश) घ्या, नाहीतर मोठा मॉप (भरपूर पाणी धरणारा जाड गोल ब्रश) घ्या. मनगट सोडा, खांद्यातून हात फिरवा आणि उभं राहून रंगवा.

दुसरी गोष्ट रंगाची. पॅलेटच्या खणात कालवलेला रंग क्वार्टरच्या आकाशाला पुरतो, फुलला अर्ध्यात संपतो. मग तुम्ही घाईघाईनं पुन्हा कालवायला जाता, तेवढ्यात वरचा वॉश, म्हणजे पातळ रंगाचा थर, वाळायला लागतो, त्यात ओला रंग शिरतो आणि फ्लॉवरच्या गड्ड्यासारखा डाग उमटतो. वॉश सुरू करायच्या आधी वाटीभर रंग तयार पाहिजे. उरला तर उरला.

आणि तिसरं, तुम्ही स्वतःच लिहून गेलात आणि तुमच्या लक्षात आलं नाही. पंखा! जानेवारीत नदीकाठी सकाळी साडेसातला कागद दहा-दहा मिनिटं ओला राहतो. घरात पंख्याखाली तो दोन मिनिटांत चट्ट वाळतो. नावेची कड तुम्ही विरघळवली नव्हती हे खरंच आहे, ती दवानं विरघळवली. घरात दव कुठून आणणार? पंखा बंद करा, कागद मागूनही भिजवून घ्या आणि बोर्डवर चिकटवा. घाम येईल, पण वॉश जमेल.

जुना_जेजेवाला

वरचं सगळं बरोबर आहे, पण ते औषध तापावरचं. रोग मोबाइलमध्ये आहे.

मोबाइल आकाश सांभाळायला गेला तर झाडाखालची सावली काळीकुट्ट करतो, सावली सांभाळायला गेला तर आकाश पांढरंफटक. डोळ्याला दोन्ही एकदम दिसतं. तुम्ही स्पॉटवर डोळ्यानं पाहिलेलं रंगवता आणि घरी येऊन यंत्रानं पाहिलेलं. सावलीत जो जांभळा-निळा होता तो फोटोत नाहीच, मग तो चित्रात येणार कुठून?

आमच्या वर्गात एक सर होते. स्पॉटवरून आलो की स्केचबुक ताब्यात घ्यायचे आणि म्हणायचे, "आता आठवणीनं तीन टोनमध्ये काढ. उजेड, मधला, गडद. चौथा टोन दिसला तर पान फाडीन." आगपेटीएवढं चौकोनी थंबनेल काढायचं. पहिले सहा महिने काहीच आठवायचं नाही. मग कळायला लागलं की स्पॉटवर आम्ही नुसतं उतरवून घेतोय, बघत नाही. मुंबईचं जेजे कला महाविद्यालय १८५७ पासून चालू आहे, तिथं माझ्याआधी किती पिढ्यांना हे ऐकून घ्यावं लागलं असेल देव जाणे.

तुम्ही सांगलीच्या, म्हणून जवळचंच उदाहरण देतो. कोल्हापूरचे आबालाल रहिमान. जेजेत शिकले, परत आले, शाहू महाराजांचे दरबारी चित्रकार झाले आणि राहिले कोटितीर्थाच्या काठी. तेच तळं, तीच झाडं, पुन्हा पुन्हा. सकाळचं वेगळं, संध्याकाळचं वेगळं. १९२२ साली महाराज गेल्यावर त्यांनी आपली चित्रं त्याच तळ्यात बुडवली असं कोल्हापुरात सांगतात. खरं-खोटं सोडा. पण एकाच तळ्याशी माणूस इतकी वर्षं बसतो तेव्हा त्याला ते घरात आणायला फोटो लागत नाही. तुम्ही हरिपूर किती वेळा केलंय?

घाटमाथा

मी उलट्या बाजूचा. मोठं करायचंच कशाला? लॅन्डस्केपची मजा स्पॉटवर. ऊन सरकतंय, मुंग्या पॅलेटवर चढताहेत, मागं चार पोरं उभी राहून "ओ काका, ते बैल आहे का कुत्रं?" विचारताहेत, त्यात जे होतं तेच चित्र. घरात बसून करतात ते फर्निचर. ताईंच्या मिस्टरांना माझा नमस्कार सांगा.

ओली_रेघ

घाटमाथा, बाडिस (बाय डिफॉल्ट सहमत) नाही. या न्यायानं गाणाऱ्यानं मैफलच करायची, रियाज करूच नये.

घाटमाथा

रियाज करावा की. पण रियाजाची रेकॉर्ड विकू नये.

लंडनचा_पाऊस

या वादावर एक प्रत्यक्ष पाहिलेली गोष्ट सांगतो. नोकरीमुळे इथं नऊ वर्षं आहे, आणि पावसात फुकट बसायला म्युझियमसारखी जागा नाही.

इंग्लिश चित्रकार जॉन कॉन्स्टेबलचं 'द हे वेन' (१८२१) सगळ्यांनी कॅलेंडरवर पाहिलं असेल. पाण्यात उभी असलेली गाडी, डावीकडे घर. जागा इंग्लंडच्या सफोकमधली, त्याच्या वडिलांच्या गिरणीजवळची, म्हणजे लहानपणापासून पायाखालची. पण ते रुंदीला सहा फुटी चित्र त्यानं रंगवलं लंडनमधल्या स्टुडिओत, त्या घराच्या वर्षानुवर्षं केलेल्या स्केचेसवरून. हे चित्र नॅशनल गॅलरीत आहे.

गंमत पुढं आहे. त्याच चित्राचं तेवढ्याच आकाराचं कच्चं स्केच व्हिक्टोरिया अँड आल्बर्ट म्युझियममध्ये आहे. तेवढ्याच आकाराचं! म्हणजे छोट्या स्केचवरून थेट मोठ्यावर उडी त्यानं मारलीच नाही. आधी सहा फुटांचा कॅनव्हास घेऊन त्यावर रांगडेपणानं रंग ओढले, मोठ्या आकारात काय तगतं आणि काय नाही ते पाहिलं, मग पक्कं चित्र वेगळ्या कॅनव्हासवर. एका रविवारी मी दोन्ही पाठोपाठ पाहिली, मध्ये ट्यूबचा (भुयारी रेल्वेचा) प्रवास. खरं सांगू? मला कच्चं जास्त आवडलं. त्यात ढग हलतात. पक्क्यात ते हलून थांबलेत. म्हणजे घाटमाथा पूर्ण चुकीचे नाहीत. पण ते कच्चंही स्टुडिओतलंच आहे, स्पॉटवरचं नाही, आणि तरी जिवंत आहे. त्यामुळे जीव घराबाहेरच राहतो हे काही पटत नाही.

अजून एक. १८२१-२२ मध्ये तो लंडनच्या हॅम्पस्टेडला नुसते ढग रंगवत बसायचा आणि मागं तारीख, वेळ, वारा कुठून आहे ते लिहून ठेवायचा. मी तेव्हापासून स्केचमागं लिहायला लागलो. "१२ नोव्हेंबर, सव्वातीन, बोटं गारठली, कुत्रा भुंकतोय." हसू नका. घरी बसल्यावर फोटोपेक्षा त्या भुंकण्यानं जास्त आठवतं.

रंगबेरंगी_बंडू

जलरंगात मोठं काम म्हटलं की रविवर्म्यांची ती दिवा धरलेली बाई आठवते. म्हैसूरला पाहिली होती. काय तो बोटांमधून येणारा उजेड!

जुना_जेजेवाला

ती रविवर्म्याची नाही हो! सावळाराम लक्ष्मण हळदणकरांची आहे. सावंतवाडीचा माणूस. म्हैसूरच्या जगनमोहन पॅलेसमध्ये जाऊन आलेले निम्मे लोक रविवर्म्याच्या नावानं खपवतात. आपल्या माणसाचं श्रेय निदान आपण तरी घालवू नये.

रंगबेरंगी_बंडू

चूक मान्य. घरी बायकोलाही तेच सांगितलं होतं, आता ते कसं निस्तरू ते सांगा.

कृष्णाकाठची

सगळ्यांचे आभार. एवढं कुणी लिहील असं वाटलं नव्हतं.

पंखा बंद करून एक फुल शीट केलं. आकाश कधी नव्हे ते एकसारखं उतरलं. पण खाली पाण्याच्या भागात रंग टेकवला की बारीक गडद ठिपके येताहेत, जणू कागदाला देवी आल्यात. पुसले जात नाहीत. ब्रश धुतला, पाणी बदललं, तरी तेच. हा कागद मी पुराच्या वर्षी घेतलेला. पाणी वरच्या मजल्यावर आलं नव्हतं, पण भिंती दोन महिने ओल धरून होत्या आणि कागदाची गुंडाळी कपाटावर भिंतीला टेकून. महाग म्हणून जपून ठेवला होता, स्पॉटवर साधा कागद वापरते.

ओली_रेघ

अरेरे. ताई, तुमच्या कागदाचं साइझिंग गेलंय.

जलरंगाच्या कागदाला जिलेटीन किंवा तशाच पदार्थाचा हात दिलेला असतो, म्हणून रंग वर तरंगतो आणि आपल्याला खेळायला वेळ मिळतो. ओल लागली की तो थर जागोजागी मरतो. तिथं रंग टीपकागदासारखा आत शोषला जातो, तेच तुमचे ठिपके. कोरडा असताना कागद बघून काही कळत नाही. कोपऱ्यावर स्वच्छ पाण्याचा थेंब टाका. लगेच आत मुरून गडद डाग दिसला तर कागद गेला. कोकणातल्या माझ्या एका मित्राचा अख्खा गठ्ठा असाच गेलाय.

फेकू नका, त्यावर कोळसा किंवा पोस्टर कलर चालेल. पुढचा कागद प्लॅस्टिकमध्ये बंद करून, आत सिलिका जेलच्या पुड्या टाकून, भिंतीपासून लांब आडवा ठेवा. आणि मुख्य म्हणजे जपून ठेवू नका, वापरा. साध्या कागदावर बिनधास्त रंगवायचं आणि महागड्यावर जीव मुठीत धरून, हे चालू आहे तोवर घरचं चित्र घाबरलेलंच दिसणार.

कृष्णाकाठची

थेंब टाकला. मुरला. सातच्या सात कागद गेले. म्हणजे दोन वर्षं मी "माझा हात गेला" म्हणून रडत होते आणि गेलं होतं ते जिलेटीन! रडू की हसू कळेना.

दुपारचा_चहा

दोन्ही करा, आणि चहा घ्या.

पाटपाणी

उजेडाचं कुणीच बोललं नाही. नोकरीवाले लोक रात्री रंगवतात आणि सकाळी उठून बघतात तर हिरवा भलताच. बल्ब ५००० केल्विनच्या (उजेडाच्या रंगाचं माप) आसपासचा आणि सीआरआय (रंग किती खरे दिसतात त्याचं माप) ९० च्या वरचा घ्या, डब्यावर लिहिलेलं असतं.

आणि पुस्तकात वाचून "स्टुडिओला उत्तरेची खिडकी हवी, तिथून थेट ऊन येत नाही" म्हणणाऱ्यांना एक सांगणं. ते युरोपातलं गणित. सांगली १७ अंश उत्तर अक्षांशाच्या जरा अलीकडे आहे. साधारण ७-८ मे पासून ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यापर्यंत भर दुपारचा सूर्यसुद्धा आपल्या उत्तरेला असतो, आणि सकाळ-संध्याकाळचं तिरपं ऊन तर त्याच्या आधीपासूनच उत्तरेच्या खिडकीतून आत येतं. मी हौसेनं खिडकी पाडून घेतली आणि मे महिन्यात कागदावर उन्हाचा पट्टा! शेवटी तिला ट्रेसिंग पेपर लावला.

सह्याद्रीचा_कडा

उशिरा येतोय. तंत्र झालं, पण धाग्यात वाढ म्हणजे काय हे राहिलं. आपल्याकडे जलरंगवाल्यांची वाढ म्हणजे वाईचा घाट, मग मेणवली, मग गोदाघाट, मग बनारस. घाट मोठा होत जातो, चित्रकार तिथंच. पायरी, छत्री, लाल पातळातली पाठमोरी म्हातारी. ती म्हातारी किती चित्रांत बसली असेल, तिला मानधन द्यायला हवं.

चित्रकार सय्यद हैदर रझांकडे बघा. जेजेत होते तेव्हा, चाळीसच्या दशकात, मुंबईचे रस्ते आणि पाऊस रंगवत होते. १९५० ला फ्रान्सला गेले, तिथली गावं रंगवली, हळूहळू घरं सुटली, रंगच उरला. त्यांची ओळख बनलेला बिंदू, म्हणजे तो मोठा गोल ठिपका, यायला १९८० च्या आसपास उजाडलं. लोकांना बिंदू दिसतो, मधली तीस वर्षं कुणी बघत नाही.

घाटमाथा

पुन्हा असहमत. वाढ म्हणजे अमूर्ताकडेच जाणं हे कुणी ठरवलं? आबालाल तळ्यातून बिंदूकडे गेले नाहीत, तळ्यात खोल गेले. आणि म्हातारीला हात लावू नका, ती माझीही आहे.

सह्याद्रीचा_कडा

अमूर्ताकडेच जा असं म्हटलं नाही. काय सोडायचं हे कळणं म्हणतोय. तुमच्या आबालालनी गाव सोडलं नाही, पण गावातलं तळं सोडून बाकी सगळं सोडलंच ना?

घाटमाथा

हं. हे मान्य. म्हातारी सोडणार नाही.

कृष्णाकाठची

(पाच महिन्यांनी धागा वर काढतेय.)

जेजेवाले काकांनी विचारलं होतं, हरिपूर किती वेळा केलंय. तेव्हा मोजलं नव्हतं. मोजलं तर एकोणीस निघाली, आणि त्यातली सतरा एकाच पायरीवर बसून. या पाच महिन्यांत अजून तेवीस केली. आता प्रत्येकीमागं तारीख-वेळ आहे आणि "देवळातली घंटा", "शेजारी धुणं आपटतायत", "म्हशी पाण्यात" असलं काहीबाही. लंडनच्या दादांनी सांगितलेलं खरं आहे, घरी आल्यावर म्हशींनी जास्त आठवतं.

रोज रात्री जेवणं झाली की पोस्टाच्या जुन्या पाकिटांवर तीन टोनचं आगपेटीएवढं थंबनेल. चौथा टोन डोकावतोच, पण पाकीट फाडायला कुणी नाही. पहिल्या महिन्यात जानेवारीच्या त्या सकाळचं थंबनेल काढताना दरवेळी मी नावेपासून सुरुवात करायचे आणि दरवेळी ती चुकीच्या जागी पडायची. मग एका रात्री नाव सोडून बाकीचं काढलं, तर सगळं जागेवर बसलं. तेव्हा लक्षात आलं की मला त्या सकाळी दिसलं होतं ते वेगळंच. धुक्यातला काठ जिथं संपतो आणि पाणी सुरू होतं, तिथं बोटभर उजेडाची पट्टी होती. नाव फक्त तिच्यापुढं आली होती, म्हणून मी ती काढली.

गेल्या रविवारी फुल शीट केलं. नवा कागद, पंखा बंद, दार बंद. काठासाठी एक, पाण्यासाठी दोन आणि सावलीसाठी एक अशा स्वयंपाकघरातल्या चार स्टीलच्या वाट्यांत रंग कालवून ठेवले. सासूबाई बाहेरून विचारत होत्या, आमटीच्या वाट्या कुठं गेल्या. उत्तर दिलं नाही, वॉश चालू होता. स्केच आणि मोबाइल दोन्ही दुसऱ्या खोलीत. पट्टीची जागा कोरडी ठेवून वरून काठ ओढला आणि खालून पाणी. मध्ये दोन ठिकाणी काठ पट्टीत उतरला. जानेवारीत उतरला होता तिथं नाही, भलतीकडेच. राहू दिला.

उजव्या कोपऱ्यातलं झाड अजून लग्नाच्या हॉलमधलंच आहे. ते पुढच्या वेळी.

ह्यांनी दारात उभं राहून बराच वेळ बघितलं आणि म्हणाले, "नाव कुठं गेली?"

दुपारचा_चहा

ताई, हे असं शब्दांत नाही चालायचं. फोटो टाका!

कृष्णाकाठची

तीन वेळा काढला. काठ काळाकुट्ट येतोय आणि पट्टी दिसतच नाहीये.

जुना_जेजेवाला

मग सांगलीला यावं लागणार. रविवारी सकाळी असता का?